गुंडाचा रणगाडा

शरच्चंद्र पिंपळापुरे कारखान्यात इंजिनिअर होते, तोवर घरी फक्त जेवायला आणि झोपायला असत. निवृत्त झाले तेव्हा यमुताईंना वाटलं, चला, आता हा माणूस बायकोशी दोन शब्द बोलेल. कसचं काय! मनीषनगरच्या फ्लॅटची मागची बाल्कनी त्यांनी बंद करून घेतली आणि तिथं पितळेचे छोटे रणगाडे करायला बसले. प्लास्टिकचे तयार तुकडे चिकटवणाऱ्यांना ते पोरखेळ म्हणत. यांच्या रणगाड्याची चाकं फिरत, तोफ वरखाली होई. स्वयंपाकघरातला नळ गळला, तर मात्र प्लंबर बोलवावा लागे. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या याच, असं यमुताई शेजारच्या सिंधूताईंना सांगत, आणि दुपारचा चहा तरीही बाल्कनीत नेऊन देत.

मागच्या वर्षी त्यांच्या एका रणगाड्याचं प्रदर्शनात फार कौतुक झालं. शाल मिळाली, नारळ मिळाला. तोफ ज्यातून निघते त्या वरच्या घुमटाची गोलाई पाहून एका निवृत्त कर्नलसाहेबांनी विचारलं, हे हातानं कसं ठोकलंत? शरच्चंद्र नुसते हसले. यमुताई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. त्या टाळ्या पुढे त्यांना फार लागल्या.

यंदा नातीचं, गार्गीचं लग्न ठरलं. यमुताईंच्या माहेरी, रामटेकला, आईनं लेकीला पाण्याचा पितळी गुंड द्यायची रीत. यमुताईंच्या गुंडाच्या खांद्यावर आईनं ठिपक्याठिपक्यांनी कोरून घेतलं होतं, ‘यमूस आईकडून’. लेक मुग्धा लग्न होऊन परदेशी गेली, तिला भांडी नको होती. पण तिच्या गार्गीनं आपणहून फोन केला, आजी, पणजीचा तो गुंड मला हवा. आपलं काही कुणाला तरी हवं आहे, या आनंदात यमुताईंनी लगेच हो म्हटलं, चिंच भिजत घातली आणि माळा उघडला.

गुंड नव्हता.

शरच्चंद्रांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं आपण काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. बाजारचं पितळ वाकवताना तडकतं, जुनं मऊ असतं, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. शिवाय गुंडाचा खांदा आणि रणगाड्याचा घुमट यांची गोलाई तंतोतंत सारखी. ठोकावंच लागलं नाही, नुसतं कापलं. उरलेलं चाकांना लागलं.

“इतकी वर्षं माळ्यावर पडून होता,” ते म्हणाले. “मी त्याचं काहीतरी केलं.”

“मला विचारलं काहून नाही?”

“तू नाही म्हटलं असतं.”

यमुताईंना इतका संताप आला की रडूसुद्धा फुटेना. पुढे चार दिवस त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते शरच्चंद्रांच्या ध्यानातही आलं नाही.

लग्नाच्या आधी ते पत्रिका वाटायला गेले असताना यमुताई बाल्कनीत शिरल्या. घुमट काढून घेतला. त्यांच्याच थिनरनं हिरवा रंग पुसला, अक्षरांत भरलेली पुट्टी टाचणीनं उकरली आणि वर चिंचेचा हात फिरवला. ‘आईकडून’ तेवढं उरलं होतं. ‘यमूस’ होतं तिथं सैनिकानं डोकं बाहेर काढायचं भोक पाडलेलं. मग पाहुण्यांच्या गाद्यांनी बाल्कनीचं दार अडलं, आणि शरच्चंद्रांना पत्ताच लागला नाही.

लग्नात रुखवताच्या टेबलावर साखरेच्या तुळशीवृंदावनाशेजारी यमुताईंनी तो घुमट मांडला. शरच्चंद्रांनी पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“अगं, रंग घालवून टाकला तू,” ते पुटपुटले.

बायका विचारत होत्या, हे काय आहे? यमुताई प्रत्येकीला सांगत होत्या, माझ्या आईनं दिलेला गुंड आहे, यांनी एवढाच ठेवला. सांगताना त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत नव्हती.

गार्गी शालू सावरत आली. तिला कुणी काही कळवलं नव्हतं. तिनं पितळेचा तो तुकडा हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं.

“आईकडून,” तिनं वाचलं. “पण कोणाला, आजी?”

“ते तुझ्या आजोबांना विचार,” यमुताई म्हणाल्या.

नात आजोबांकडे बघत राहिली. शरच्चंद्रांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.