तपासणीच्या मांडवातली किटली

माझ्या धाकट्या बहिणीला, यमूला सातवा महिना लागला आणि आईने मला मुंबईला पिटाळलं. "बाळंतपण माहेरीच व्हायचं, आणि त्या प्लेगच्या साथीत पोरीला आणखी एक दिवसही ठेवायची नाही," एवढंच तिचं म्हणणं. वाईच्या शाळेतून चार दिवसांची रजा काढून मी टांग्याने वाठार गाठलं आणि आगगाडीत बसलो. मास्तराला रजा मिळणं किती कठीण, ते मास्तरालाच ठाऊक.

गिरगावातली यमूची चाळ (एकाला एक लागलेल्या खोल्यांची लांबलचक माडी) अर्धी रिकामी होती. कोकणातली बिऱ्हाडं गावी गेलेली. भिंतींना नवा चुना, गटारांत फिनेल, आणि उजेड आत यावा म्हणून सरकारी माणसांनी छपरावरची कौलं जागोजागी काढलेली. यमूने माझ्यासाठी अळूची भाजी केली होती, पण नाकात फिनेल इतकं बसलं होतं की भाजीलाही तोच वास यायला लागला. तरी मी दोनदा वाढून घेतली.

तिचे यजमान विनायकराव कचेरीत कारकून. साहेबाने त्यांना रजा नाकारलेली. पानावरून उठताना ते हळूच म्हणाले, "वाटेत तपासणी आहे. ताप निघाला की माणसाला थेट साथीच्या दवाखान्यात नेतात आणि खऱ्या रोग्यांच्या शेजारी खाट देतात. अशा दिवसांत ती तिथे गेली तर..."

बोरीबंदरच्या रेटारेटीत यमूला नेणं नको, म्हणून दुसऱ्या दिवशी दादरहून गाडी धरायचं ठरवून आम्ही घोडागाडीने निघालो. लालबागला गिरण्यांच्या चिमण्या दिसल्या. काहींतून धूरच निघत नव्हता. परळच्या पुढे घोडा लंगडायला लागला. गाडीवान म्हणाला, "साहेब, आता हा एक पाऊल टाकणार नाही." काय करता! ट्रंक एका हमालाच्या डोक्यावर दिली आणि भर उन्हात चालत निघालो. यमूचा चेहरा लालबुंद झाला.

तपासणीचा मांडव रस्त्यातच होता, बांबूंचा आणि गोणपाटाचा. एक तरुण डॉक्टर प्रत्येकाची नाडी बघायचे. ज्याचं अंग गरम वाटेल, त्याच्या तोंडात मदतनीस ताप मोजायची काचेची नळी ठेवायचा. नळी एकच. दुसरी आदल्या दिवशी कढत पाण्यात तडकली, असं तो सांगत होता. ते ऐकून माझ्यासारख्या शास्त्राच्या मास्तराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

आमच्या पुढे एक कोळीण होती, काखेला रिकामी पाटी (माशांची टोपली). तिला नळी लावली, ताप नव्हता. मदतनीसाने ती नळी थंड पाण्यात बुचकळली, दोनदा झटकली आणि यमूच्या तोंडाजवळ आणली. माझा पारा चढला.

"अहो, हे काय! कोळणीच्या तोंडातली उष्टी नळी? गरम पाण्याने धुवा, माझ्या डोळ्यांसमोर!"

"सगळे भटजी तेच म्हणतात," तो कंटाळून म्हणाला. "म्हणून तर किटली ठेवलीय." किटलीतल्या गरम पाण्यात नळी नीट फिरवून त्याने ती तशीच यमूच्या तोंडात दिली. मी समाधानाने बघत होतो.

एकशे तीन.

"बाईंना आत बसवा," डॉक्टर म्हणाले. "दवाखान्याची गाडी येतेच आहे."

यमूने माझा हात घट्ट धरला. मी तिच्या कपाळाला हात लावला, तर घाम येऊन ते गार पडलेलं. आणि मग, देवा रे, मला कळलं! पारा उष्णतेने चढतो, हे मी वर्षानुवर्षं पोरांना घोकायला लावतोय. त्यातून या नळीतला पारा झटकल्याशिवाय उतरतच नाही. त्याने आधी झटकली होती आणि नंतर गरम पाण्यात घातली होती. ते पाणी मागणारा मी!

मी डॉक्टरांना हे भडाभडा सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, आपलं माणूस अडकलं की प्रत्येकाला नळीच खोटी वाटते."

तेवढ्यात कोळीण परत फिरली. "डाक्टर, माजं अंग तू आत्ताच पायलंस ना, ताप न्हाय म्हनून? मंग ती किटलीतली नळी माज्या तोंडात घाल की."

"बाई, ताप निघाला तर तुम्हालाही ठेवावं लागेल."

"निघंल तवा बघू. पोर पोटुशी हाय, दिसत न्हाय व्हय?"

मदतनीसाने नळी झटकली, किटलीत फिरवली, तिच्या तोंडात दिली. डॉक्टरांनी ती उजेडात धरली आणि बराच वेळ खाली केलीच नाही. पुन्हा एकशे तीन.

मग त्यांनी स्वतःच नळी थंड पाण्यात धुतली, जोराने झटकली. ती पुन्हा त्याच बाईच्या तोंडातली. मी तोंड उघडलंही असेल. यमूने डोळे वटारले. "दादा, आता एक शब्द बोलू नकोस," म्हणाली आणि नळी स्वतःच्या हाताने तोंडात घेतली. ताप नव्हता.

मी त्या बाईला हात जोडले. "माझं चुकलं," म्हणालो. "चुकलं तर चुकलं," ती म्हणाली, "आता पोरीला सावलीत बसव, बामना." आणि पाटी उचलून गेली. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

डॉक्टर मदतनीसाकडे वळले. "किटली कधीपासून?" त्यांनी विचारलं. "काल सकाळपासून," मदतनीस पुटपुटला. त्यांनी वही उघडून नावांवर बोट फिरवलं. कालपासून सात जण दवाखान्यात पाठवलेले. तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून त्यांनी शिपायाला पळवलं, आणि किटली स्वतः उचलून रस्त्यावर ओतली. निघताना मी त्यांना माझा पत्ता दिला. त्या सातांचं काय झालं तेवढं कळवा म्हणालो.

आमची गाडी मिळाली. वाईला यमूला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आई सगळ्यांना सांगते, माझ्या मास्तराने पोरीला साथीतून सोडवून आणली. मी तिला दर वेळी सांगतो की सोडवली कोळणीने, अडकवली मी. ती ऐकत नाही. तुमच्यापैकी कुणी मुंबईला जाणार असेल, तर नळी थंड पाण्याने धुतलीय आणि धुतल्यावर झटकलीय एवढं बघा. ती कुणाच्या तोंडातली, ते विचारू नका.

बारशाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांचं पत्र आलं. सहा जण घरी परतले. सातव्या गृहस्थांना दवाखान्यातच साथ लागली आणि ते गेले. डॉक्टरांनी लिहिलं होतं, "गिरगावातले शाळामास्तर होते. गरम पाण्यासाठी फार भांडले होते."