रुसलेलं बटण आणि माझा हातगुण

"बेन, तुमचं बटण परत रुसलं."

भरतभाईंचा फोन नेमका माझ्या जेवणाच्या वेळी येतो. त्या दिवशी आमटी-भात नुकता कालवला होता. डाव्या हाताने फोन कानाला लावला आणि उजव्या हातातला घास ताटात परत ठेवला.

"कोणाकडे रुसलं?"

"कोणाकडे म्हणजे? जमनाताईकडे. आमच्या ऑफिसात मस्त चालतंय. जिग्नेशने आत्ता माझ्यासमोर बुकिंग केली, पटकन झाली. मी सांगतो तुम्हाला, वेबसाइट बरोबर आहे. बाईंना जमत नाय."

वेबसाइट बरोबर आहे असं आपणहून म्हणणारा क्लायंट मला आजवर भेटला नव्हता. खरं तर थँक यू म्हणावं आणि जेवायला लागावं. पण ते शेवटचं वाक्य मला झोंबलं.

मी डहाणूजवळ मसोलीला घरी बसून वेबसाइट बनवते. भरतभाई घोलवडकडच्या चिकू बागायतदारांच्या एका छोट्या संघाचे अध्यक्ष. माणूस मोकळा, मराठी आणि गुजराती एकाच वाक्यात बोलणारा, आणि फोनवर इतका मोठ्याने बोलणारा की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. संध्याकाळी माल घेऊन जो ट्रक निघतो त्यात कोणाचे किती बॉक्स जाणार, हे पूर्वी संघाचं ऑफिस ठरवायचं. म्हणजे भरतभाईंचा पुतण्या जिग्नेश ठरवायचा. ज्याचा फोन आधी लागला त्याला जागा. जमनाताईंच्या पॅकिंग शेडला रेंजची बोंब, त्यामुळे त्यांचे बॉक्स हमखास मागे राहायचे. चिकू काही कोणासाठी थांबत नाही. आज कडक आहे तो परवा मऊ, आणि मऊ झाला की व्यापारी हात लावत नाही.

म्हणून मी त्यांना एक पान करून दिलं होतं. शेडमधूनच फोनवर उघडायचं, गावाचं नाव आणि बॉक्सचा आकडा टाकायचा, "बुक करा" दाबायचं. रेंज क्षणभर आली तरी काम होतं. एक आठवडा ट्रायल, फक्त जमनाताईंच्या शेडवर. चाललं तर सगळ्या शेडना. नाही चाललं तर शनिवारनंतर पुन्हा ऑफिस आणि पुन्हा जिग्नेश. जमनाताईंच्या हाताखाली आठ-दहा बायका काम करतात. त्यांचा माल वेळेवर जातो की कुजतो, ते त्या एका बटणावर आलं होतं.

बटणाची गोष्ट साधी आहे. दोन्ही रकाने भरेपर्यंत ते राखाडी असतं, दाबलं तरी काही होत नाही. रकाने भरले की हिरवं होतं. जमनाताईंकडे रकाने भरलेले दिसत होते आणि बटण राखाडीच राहत होतं. म्हणजे रुसलं.

जेवण आटोपून स्कूटर काढली. नरपड, चिखले करत घोलवडला पोहोचले. शेडमध्ये चिकूचा ढीग होता आणि बायका हौदात धुतलेला माल निवडत होत्या. मला बघताच जमनाताई उठल्या. साबणाने हात धुतले, पदराला पुसले, स्टुलावर ताठ बसल्या आणि फोन हातात घेऊन एकेक अक्षर नीट टाईप केलं.

बटण हिरवं.

"बघा!" एक बाई ओरडली. "मॅडम आली की चालतं."

"मॅडमचा हातगुण," दुसरी म्हणाली.

मी हसले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा स्कूटर. पुन्हा जमनाताईंनी हात धुतले, टाईप केलं, आणि बटण हिरवं. या खेपेला बायकांनी माझी पुरती फिरकी घेतली. "मॅडमचा फोटो लावा शेडमध्ये," एक म्हणाली. "अगरबत्ती मी आणते," दुसरी म्हणाली. डॉक्टरच्या खुर्चीत बसताच दात दुखायचा थांबतो ना, तशा 'बग'ला आम्ही लोक सगळ्यात जास्त घाबरतो. बग म्हणजे कोडमधली चूक. समोर दिसली तर काढता येते. आपण आलो की लपत असेल तर काय काढणार? त्यात माझं डोकं आधीच गरम. मला हातगुण नको होता, मला कारण हवं होतं.

त्याच दिवशी निघाले आणि रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की हेल्मेट शेडमध्येच राहिलं. परत वळले. दारातच थबकले.

जमनाताई पुन्हा निवडायला बसल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत खोबरेल तेलाने माखलेले. चिकूच्या देठातून पांढरा चीक गळतो, तो हाताला बसला की निघता निघत नाही, म्हणून या बायका आधी तेल लावतात. फोन समोरच्या क्रेटला टेकवून ठेवला होता. जमनाताई त्याच्याकडे वाकून म्हणत होत्या, "पंचवीस." मग जरा थांबून, जरा चिडून, "अरे, पंचवीस!"

रकान्यात पंचवीस आलं होतं. बटण राखाडीच.

"जमनाताई, तुम्ही बोलून भरता?"

त्या दचकल्या आणि अशा लाजल्या की जणू मी त्यांना चोरी करताना पकडलं. "मला टाईप येतं मॅडम. सातवी शिकले मी. पण कामात असली की हाताला तेल, चीक. बोट फोनवर सरकतं नुसतं. म्हणून बोलते. तो ऑफिसातला जिग्नेश हसला होता, बोलून तर अडाणी लोक भरतात म्हणून. मग तुमच्यासमोर कशाला?"

मी तिथेच एका उलट्या क्रेटवर बसले आणि मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, मीही त्यांनाच हसतेय. तेव्हा आधी त्यांचा तेलकट हात हातात घेऊन सांगावं लागलं की जमनाताई, चूक तुमची नाही, माझ्या पानाची आहे, आणि ती तुम्हीच मला दाखवलीत. मग फोन पुसून खिशात टाकला आणि दोन तासांसाठी उसना मागितला.

आता जरा आमच्या धंद्यातलं सांगते. पान स्वतः काही बघत नसतं. ब्राउझर त्याला वर्दी देतो: कीबोर्डवरची कळ दाबली, कळ सोडली, रकान्यातला मजकूर बदलला, माणूस रकान्यातून बाहेर पडला. या वर्दीला आम्ही इव्हेंट म्हणतो. माझं पान "कळ सोडली" या वर्दीची वाट बघत बसलं होतं. ती आली की रकाने तपासायचे आणि बटण हिरवं करायचं. टाईप करणाऱ्यांसाठी ठीक. पण बोलणारा माणूस कळ दाबतही नाही आणि सोडतही नाही.

मग माझ्या फोनवर मी बोलून बघितलं असतं तर कळलं नसतं का? नसतं. घरी येऊन मी तेच केलं. माझ्या फोनमधला ब्राउझर इतका कनवाळू की कोणी बोललं तरी कळ सोडल्याची खोटी वर्दी पाठवून देत होता. जमनाताईंच्या फोनमध्ये वेगळा ब्राउझर, तो सरळमार्गी. कळ सोडलीच नाही तर वर्दी कशाला देऊ? दोघेही आपापल्या जागी बरोबर, मधल्यामध्ये जमनाताईंचे चिकू मऊ पडत होते.

उपाय सोपा. कळेची वाट बघायचीच नाही. "मजकूर बदलला" एवढीच वर्दी ऐकायची. टाईप करा, बोला, कुठून कॉपी करून चिकटवा, मजकूर बदलला की ती येतेच. बदल केला, फोन परत देऊन आले. जमनाताई तेलकट हातांनी बसल्या जागेवरून "पंचवीस" म्हणाल्या आणि बटण हिरवं झालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मोठ्या ऐटीत घरी गेले.

ऐट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली.

"बेन!" भरतभाई एवढ्या जोरात ओरडले की मी फोन टेबलावर ठेवला. "मी पण बोलून बघितलं. पंचवीस बोललो. आलं दोन हजार पाचशे पंचवीस! अरे, अख्ख्या घोलवडचे चिकू तोडले तरी एवढे बॉक्स नाय भरायचे!"

"बुक केलंत?"

"केलं ना! बटण हिरवं होतं!"

"कॅन्सल करा."

"केलं. ड्रायव्हरचा फोन येऊन गेला. विचारतो, शेठ, दुसरा ट्रक आणू काय."

आधी हसू आलं, मग कॅलेंडरकडे बघितलं. शनिवार उद्यावर होता.

हे का झालं ते ऐका. भरतभाई आकडे गुजरातीत लिहितात, शेडमध्ये कोणी मराठीत, जिग्नेश इंग्रजीत. म्हणून पान प्रत्येक आकडा उचलून इंग्रजी करून ठेवतं. टाईप करताना त्यात काही बिघडत नाही. पण आपण बोलतो तेव्हा ब्राउझर आधी कच्चा मजकूर टाकतो, त्याखाली बारीक रेघ असते. बोलणं संपलं की तो काढून पक्का मजकूर ठेवतो. माझं पान मात्र मजकूर बदलला रे बदलला की धावत सुटायचं आणि कच्च्याच आकड्याला इंग्रजी करून मोकळं व्हायचं. तव्यावरची अर्धी भाजलेली भाकरी उचलून ताटात वाढावी तसं. जमनाताईंच्या ब्राउझरने ते सांभाळून घेतलं, पण भरतभाईंच्या ब्राउझरला त्याचा कच्चा मजकूर सापडेना. त्याने पक्का आकडा त्याच्याच शेजारी ठेवून दिला. पंचवीसला पंचवीस चिकटले.

म्हणजे बोलणं संपेपर्यंत हात लावायचा नाही. ब्राउझर "रचना संपली", म्हणजे मजकूर पक्का झाला, अशीही एक वर्दी देतो, तिची वाट बघायची. पण इथे पुन्हा मतभेद. एक ब्राउझर आधी "मजकूर बदलला" सांगतो, मग "संपलं". दुसरा आधी "संपलं", मग "बदलला". घरातले, शेजाऱ्यांचे, जमवता आले तेवढे फोन टेबलावर मांडून मी प्रत्येकात बोलून बघितलं. आमच्या सासूबाई आतून विचारत होत्या, "अगं, सारखं पंचवीस पंचवीस काय चाललंय?"

शेवटी ठरवलं, क्रमावर विसंबायचंच नाही. बोलणं चालू असेल तर गप्प राहा. दोन्हीपैकी कुठलीही वर्दी आली आणि बोलणं संपलेलं असलं, तर तपासा. तीच तपासणी दोनदा झाली तरी काही बिघडत नाही. आकडा ट्रकमध्ये मावण्यापेक्षा मोठा असेल तर बुक करण्याआधी विचारा. आणि बटण राखाडी ठेवायचं बंद. ते सदा हिरवं. काही राहिलं असेल तर दाबल्यावर सांगा की अमुक राहिलं. मुक्या बटणापुढे माणूस स्वतःलाच दोष देत बसतो, हे मी शेडमध्ये बघितलं होतं.

शनिवारी भरतभाई जिग्नेशला घेऊन शेडवर आले. मी आधीच जाऊन बसले होते. अध्यक्षांना बघून जमनाताई सवयीने उठल्या आणि हौदाकडे निघाल्या.

"जमनाताई," मी म्हटलं, "हात धुवायचे नाहीत."

"नाय धुवायचे? शेठ आलेत."

"शेठ आलेत म्हणूनच."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा जिग्नेशकडे. मग खाली बसल्या, हातातला चिकू न ठेवताच क्रेटला टेकवलेल्या फोनकडे वाकल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "घोलवड." फोनने लिहिलं. पुढच्या रकान्यावर त्यांनी वाकवलेल्या बोटाचं पेर टेकवलं. "तीस." फोनने लिहिलं. मग त्याच पेराने बटण दाबलं. ट्रकमध्ये जागा मिळाल्याचा मेसेज आला.

"बस? एवढंच?" भरतभाई.

"एवढंच," जमनाताई म्हणाल्या आणि पुढचा चिकू उचलला.

भरतभाईंनी वाकून तो मेसेज स्वतः वाचला. मग पुतण्याकडे वळले. "जिग्नेश, सोमवारपासून बाकीच्या शेडवर तू जायचं. सगळ्यांना हे शिकवायचं."

"काका, पण मी तर टाईप करतो. मला बोलून भरायला येत नाय."

"मग आधी शिक. जमनाताई, याला शिकवा."

शेडमध्ये जो हशा पिकला त्यात जिग्नेशही हसला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. जमनाताई हसल्या नाहीत. त्यांनी शेजारचा क्रेट पालथा करून त्याला बसायला दिला आणि तेलाची बाटली पुढे सरकवली. "आधी हाताला तेल लाव," म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की हेल्मेट न घेताच निघाले होते, बायकांनी मागून हाका मारल्या.

तेव्हापासून नवीन काम घेताना क्लायंटला माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: हे वापरणाऱ्याचे हात त्या वेळी कशात असतात? लोक चमत्कारिक नजरेने बघतात. परवा डहाणूच्या एका बर्फवाल्याला विचारलं. मच्छीमार बोटवाल्यांच्या बर्फाच्या ऑर्डरसाठी त्याला असंच पान हवंय. तो म्हणाला, "माझे हात? खिशात. ऑर्डर तर बायको घेते."

मी लॅपटॉप बंद केला आणि म्हटलं, "मग पुढची मीटिंग त्यांच्याबरोबर."