चहाच्या डब्याचं झाकण

दर सहा महिन्यांनी दवाखान्यातून फोन येतो आणि तो विद्याताईंचाच असतो, हे आमच्या घरात इतकं ठरून गेलं होतं की महिन्याभरापूर्वी फोनवर कोवळा आवाज ऐकला तेव्हा मी राँग नंबर म्हणून ठेवायलाच निघालो होतो. ती मुलगी म्हणाली, "काका, मेंदूतल्या रक्तस्रावाच्या अभ्यासासाठी बोलतेय. तुमच्या भेटीचा दिवस ठरवायचा होता." मी विचारलं, विद्याताई रजेवर आहेत का. ती म्हणाली, "मॅडम गेल्या, काका. मागच्या आठवड्यात. हार्ट अटॅक आला." माझी बायको शोभा हात पुसत बाहेर आली. तिला सांगताना माझी जीभ अडखळली. आजारापासून ती अधूनमधून अडखळतेच, पण हे अडखळणं त्यातलं नव्हतं.

निघोज्याच्या बाजूला एका कंपनीत मी पत्रा दाबायच्या प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो. फर्स्ट शिफ्टला उभ्या उभ्या उजवा हात गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. बीपी वाढून डोक्यात रक्तस्राव झाला होता. चिंचवडच्या दवाखान्यात जीव वाचला, आणि तिथंच विद्याताई भेटल्या. शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट, पण त्यांचं काम अभ्यासाचं. असे पेशंट घरी गेल्यावर त्यांचं पुढे काय होतं, कोण किती सावरतं, कुणाला फिट येते, कुणाचा खांदा धरतो, कुणाला जेवताना ठसका लागून न्यूमोनिया होतो... हे सगळं त्या वर्षानुवर्षं विचारत फिरायच्या. अभ्यासात यायला माझी हरकत नव्हती. उजवा हात चालत नव्हता म्हणून संमतीच्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा दिला आणि विसरून गेलो. बाई विसरल्या नाहीत, घरी येऊ लागल्या.

पहिल्यांदा आल्या तेव्हा लिफ्ट बंद होती. तीन मजले चढून धापा टाकत माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "भाऊ, आंघोळ स्वतः करता का?" शोभा म्हणाली, "छे, मीच घालायले की." जेवण? "मीच भरवते." चालणं? "एकट्याला सोडतच नाही मी." आम्ही मूळचे परभणीकडचे. आमच्याकडे आजारी माणसाला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. त्याने उचलला तर पाहुणेरावळे घरच्या बाईलाच नावं ठेवतात. शोभा तर मी चुकून हात घातलाच तर जोर पडू नये म्हणून डब्यांची झाकणंही सैल करून ठेवायची. विद्याताईंनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, मी भाऊंना विचारतेय." मग मला म्हणाल्या, "रडू येतं का?" शोभाला हसू आलं. "हे कशाला रडतील?" आणि मी ढसाढसा रडलो. तोवर घरात कुणी हे विचारलंच नव्हतं.

मला कामावर परत जायचं होतं, बाकी काही सुचत नव्हतं. म्हणून म्हटलं, "ताई, जरा बरं लिहा. कंपनीत दाखवता येईल." त्या म्हणाल्या, "हे कंपनीसाठी नाही, भाऊ. आणि मी खोटं बरं लिहिलं तर तुमच्यामागून जो आजारी पडेल त्याला चुकीचं सांगितल्यासारखं होईल." रोजच्या कामात मदत लागते, असं त्यांनी माझ्यादेखत लिहिलं. मला भयंकर राग आला. चपला घालता घालता त्या शोभाला म्हणाल्या, "वहिनी, डब्यांची झाकणं घट्ट लावत जा. पुढच्या वेळी चहा भाऊ करतील, मी पिऊनच जाईन." मी जन्मात गॅस पेटवला नव्हता. शोभा चार दिवस त्यांच्या नावाने बोटं मोडत होती. पण पाचव्या दिवशी तिने चहाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

पहिल्या झटापटीत अख्खा डबा ओट्यावर सांडला. शोभा धावली, मग मध्येच थांबली आणि पदराचं टोक मुठीत धरून नुसती बघत राहिली. मध्ये एकदा फिट आली, पुन्हा दवाखाना झाला, पुन्हा झाकणापासून सुरुवात. सहा महिन्यांनी बाई आल्या तेव्हा चहा मी केला. साखर दोनदा पडली. त्या घोट घेऊन म्हणाल्या, "चहा नाही, पाक आहे हा," आणि कप रिकामा केला. मग जे खरं होतं ते लिहिलं. पुढे कंपनीने मला घेतलं. प्रेसवर नाही, स्टोअरला. पण बसमध्ये मी माझ्या पायांनी चढलो.

दुसऱ्यांचं सगळं विचारणाऱ्या या बाई स्वतःबद्दल काही बोलायच्या नाहीत. गावठाणात म्हातारी आई आहे आणि चहात आलं आवडतं, एवढंच आम्हाला ठाऊक. एकदा जिना चढून फारच दम लागला होता म्हणून मी म्हटलं, "ताई, तुमचंही बीपी बघता ना?" "बघते हो," म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या उत्तराचा मला राग येतो. अजून येतो.

गेल्या आठवड्यात ती नवी मुलगी आली. तिने शोभाकडे बघत विचारलं, "काका आंघोळ स्वतः करतात का?" शोभा म्हणाली, "त्यांनाच इचारा, बाई." उत्तरं झाल्यावर मी चहाला उठलो. आधण ठेवलं, डबा हातात घेतला, तर झाकण नुसतं वर ठेवलेलं. वळून पाहिलं तेव्हा शोभाने मान खाली घातली होती. आजच्या दिवशी तरी यांना त्रास नको, असं तिला वाटलं असणार. मी झाकण तळव्याने दाबून घट्ट बसवलं आणि उजव्या हाताने उघडू लागलो. वेळ लागला. त्या मुलीला स्वयंपाकघरातलं सगळं दिसत होतं. ती उठली नाही, की तिने घाई केली नाही. झाकण निघालं तोवर अर्धं पाणी आटलं होतं. मी आणखी एक कप पाणी ओतलं आणि आलं शोधायला लागलो.