श्रीधरचे स्वच्छ दिवस

श्रीधर गेल्याचं कळलं तेव्हा मी खंडेराव मार्केटात सुरण निवडत होतो. फोनवर त्याची बायको, सुमेधावहिनी, एवढंच म्हणाल्या, "हे गेले… सकाळी." माझ्या मनात आलेला पहिला विचार लाजिरवाणा होता. जाताना हा वहिनींना काही सांगून तर गेला नसेल? आज दीड महिन्यानं तो विचार इथं लिहून टाकतो.

बडोद्यात आम्ही एकाच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. खोल्या शेजारशेजारी. त्याच्या खोलीत एक अतिथंड यंत्र होतं. कुणी विषय विचारला की तो वाटी आणि शेंगदाणा पुढ्यात घ्यायचा. "हा वाटीत बसलाय. टेबलाखाली जमीन आहे, म्हणजे अजून खाली जायला जागा आहे, पण मध्ये वाटीचा काठ आडवा येतो. अतिसूक्ष्म जगात मात्र हा काठ न चढताही कधीतरी भिंतीतून आरपार जातो. आणि बाहेरून कुणी वाटी जराशी हलवत राहिलं ना, तर फार लवकर निसटतो." हे हलवणं म्हणजे तारांतून येणारा विजेचा गोंगाट, कानाला न ऐकू येणारा. कण किती वेळानं निसटतो, हे श्रीधर वर्षानुवर्षं मोजत होता.

त्याचे आकडे मला खटकायचे. बहुतेक दिवस कण अपेक्षेपेक्षा कितीतरी आधी पळायचा, आणि मधूनच एखादा दिवस अगदी सिद्धांताबरहुकूम, स्वच्छ. त्यानं तारा बदलल्या, यंत्राला तांब्याचं वेष्टण घातलं. फरक शून्य. मला वाटलं, स्वच्छ दिवस हा घरी बसून तयार करतो. संशोधनाला मदत देणाऱ्या कॉलेजच्या समितीत मी होतो. स्वच्छ दिवसांच्या तारखांची यादी करून मी ती त्याच्या अपरोक्ष समितीपुढे ठेवली. "या आकड्यांना वास येतोय," म्हणालो. यंत्र बंद झालं. श्रीधरला फक्त पहिल्या वर्षाचे वर्ग उरले. यादी कुणी दिली, ते त्याला कुणी सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी माझा पंखा बिघडला. इलेक्ट्रिशियन शिडीवरून म्हणाला, "साहेब, तमारी ने बाजुवाळा साहेबनी लाइन एक ज छे." मी मान डोलावली… माझी आणि श्रीधरची विजेची लाइन एकच! मग खुर्चीत बसलो. माझ्या खोलीला खिडकी नव्हती, पंखा बारा महिने चालू. त्याच्या जुनाट रेग्युलेटरमुळे रेडिओ इतका खरखरायचा, की मॅच असली की मी पंखा बंद करून घामाघूम होत कॉमेंटरी ऐकायचो. खणातून यादी काढली. एकूण एक स्वच्छ तारीख मॅचची होती. पंचवीस वर्षं भौतिकी शिकवणाऱ्या माणसाला रेडिओतली खरखर ऐकू येत होती, भिंतीपलीकडची सुचली नाही.

त्याच दिवशी समितीकडे जायला हवं होतं. नवा रेग्युलेटर बसवून घेतला आणि गप्प राहिलो.

त्या हिवाळ्यापासून श्रीधर रोज चार वाजता चहाला माझ्या दारात उभा राहू लागला. "शुं भाई, स्कोअर काय?" क्रिकेटमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मॅच नसली तरी विचारायचा. मला शंका यायची, हा काहीतरी हुंगतोय. मी म्हणायचो, "आज मॅच नाही रे." तो हसायचा, बशीत चहा ओतायचा. बारा वर्षं हे चाललं.

तेराव्याला वहिनींनी त्याची प्रयोगवही हातात दिली. "तुम्हालाच द्यायची म्हणाले होते." मी त्यांच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते पाहत राहिलो. काही नव्हतं. घरी येऊन वही उघडली. निळ्या शाईतले आकडे, आणि प्रत्येक स्वच्छ तारखेपुढे नंतर पेन्सिलीनं लिहिलेला एकच शब्द. मॅच. माझं नाव कुठं असेल म्हणून शेवटच्या पानापर्यंत शोधलं. नव्हतं.

हे छापून आलं की कात्रण आणि वही घेऊन मी समितीकडे जाणार आहे. उशीर झालाय, ते कळतं.

हल्ली चारला पंखा बंद करतो आणि दाराकडे पाहत बसतो. हॉस्पिटलातल्या शेवटच्या भेटीत नाकातली नळी सरकवून त्यानं विचारलं होतं, "स्कोअर काय?"

"पाहिला नाही रे," मी म्हणालो.

पाहिला होता.