साडूंचा भोंगा

रत्नागिरीत असं एकही बंद पडलेलं यंत्र नसेल, ज्याची माझ्या थोरल्या साडूंनी एकदा तरी विचारपूस केलेली नाही. जन्म बोटीच्या इंजिनरूममध्ये गेल्यामुळे त्यांना माणसांच्या आधी यंत्रं दिसतात. कुणाकडे गेले की "कसे आहात" म्हणायच्या आत ते पाण्याच्या पंपाजवळ पोचलेले असतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला, मूठ स्वतःच्या कानाला आणि डोळे मिटलेले. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात हॉलचा जनरेटर खोकायला लागला, तेव्हा हे कोट काढून त्याच्यामागे शिरले. जनरेटर सुधारला हे खरं. पण तेलकट हातांनी बाहेर आलेल्या या पाहुण्याला मुलाकडच्यांनी मंडपवाल्यांच्या पंगतीत बसवलं, आणि साडू तिथे इतके रमले की एकाही फोटोत सापडले नाहीत.

गेल्या वर्षी आम्ही दोघे संगमेश्वरच्या एका लग्नाहून परतत होतो. स्टँडजवळच्या भंगारवाल्याच्या ढिगातून साडूंनी एक गंजलेलं लोखंडी धूड उपसून काढलं. भंगारवाला म्हणाला, गिरणीचा भाग असेल. मला तो पंप वाटला. साडूंनी त्याच्या गोल डब्याभोवतीच्या खाचांत बोटं घातली, आतला पंखा चाचपला आणि निकाल दिला, "भोंगा आहे, साडूभाऊ. आणि आहे तो बोटीवरचाच." पंखा फिरला की हवा त्या खाचांतून तुटत तुटत बाहेर पडते, तोच आवाज, हे त्यांनी मला एसटीत रत्नागिरी येईपर्यंत समजावलं. पायाशी काय ठेवलंय, असं कंडक्टरने विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "भोंगा. अजून वाजत नाही." कंडक्टर तडक दुसऱ्या टोकाला तिकिटं फाडायला गेला.

घरी त्या भोंग्याची जावयासारखी बडदास्त सुरू झाली. ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, कपड्यांच्या टबात तो डिझेल पीत पडून राहिला. मोटार नव्याने वाइंड झाली. इथे न मिळालेलं बेअरिंग लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या फिटरने शोधून दिलं. रंग खरवडताना हिरव्याखाली लाल निघाला, लालाखाली करडा. बोटीवर सगळं करडंच असतं म्हणे, त्यामुळे करड्यावरून बोट सिद्ध झाली. करडा रंग आमच्या बँकेच्या कपाटालाही होता, असं मी म्हटलं, तर ते कपाटही बोटीवरूनच आलं असणार, असं त्यांचं मत पडलं.

एका रविवारी दुपारी भोंगा वाजवायचं ठरलं. साडू आधी घरोघर सांगून आले, पोलीस चौकीतही. शेजारच्या काकू कानांत कापूस घालून दगडी गडग्यापलीकडे खुर्ची टाकून बसल्या. साडूंनी बटण दाबलं. आधी नुसती घरघर, मग आवाज चढत चढत असा सुटला की फणसावरचे सगळे कावळे उडाले. स्वयंपाकघरातून ताई आणि माझी बायको धावत बाहेर आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण आमच्याकडे न बघता दोघी बहिणी बेड्याकडे, फाटकाबाहेरच्या वाटेकडे बघत उभ्या राहिल्या.

आवाज उतरत उतरत विरला, तेव्हा ताई म्हणाल्या, "हा नानांच्या कारखान्याचा भोंगा."

नाना म्हणजे आमचे सासरे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि खाडीकाठचा तो कौलांचा कारखाना तर त्याच्याही आधी बंद पडला. माझी बायको म्हणाली की जेवणाच्या सुट्टीचा हा भोंगा झाला की ती पाट मांडायची आणि ताई पाणी घ्यायची.

करड्या रंगाचा पुरावा आता बाहेर येणार, म्हणून मी साडूंकडे पाहिलं. ते चिंध्यांना हात पुसत होते. "मग त्यांचाच," एवढंच म्हणाले.

"अहो, परत एकदा लावा ना," ताई म्हणाल्या.

त्यांनी लावला. जेवायला त्या दिवशी फार उशीर झाला. कोपरापर्यंत लाल मातीने माखलेले, विहिरीवर हातपाय धुताना मोठ्याने गाणारे नाना त्या दोघी एकमेकींना सांगत होत्या. आणि त्यांना केवळ काठी टेकत चालताना पाहिलेले आम्ही दोघे जावई नुसते ऐकत बसलो होतो.