चहाच्या गाड्यावर काढलेली माहिती

बिनडोक हेरांचे सिनेमे लोकांना इतके का आवडतात, मला कळत नाही. म्हणजे कळतं, पण पटत नाही. हेरगिरीतलं ओ की ठो माहीत नसलेली दोन माणसं भलत्या भानगडीत अडकतात, चुकीच्या माणसाच्या मागे लागतात आणि त्यांच्या मूर्खपणापायी जीव जातो तो तिसऱ्याच कुणाचा तरी. लोक हसतात. त्या तिसऱ्याच्या घरी कोण होतं, हे कुणी विचारत नाही.

असा एक सिनेमा मी अर्धा पाहिला आहे. भाऊबीजेला कोल्हापुरात भावाकडे जमलो होतो. भावाने सीडी आणली होती, हिंदीत डब केलेला कुठलासा परदेशी सिनेमा. एका लाँड्रीवाल्याला गिऱ्हाइकाच्या कोटात कागद सापडतो. त्याला आणि त्याच्या मेहुण्याला वाटतं, हे सरकारी गुपित. असते ती कुणाच्या तरी पथ्यपाण्याची यादी. पण हे दोघे ती विकायला निघतात, दोन देशांचे हेर मागे लागतात आणि माणसं पटापट मरायला लागतात. दुपारची जेवणं झालेली, तरी फराळाची ताटं पुढ्यात होतीच. गारगोटीचे आमचे मामा पोट धरून हसत होते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आमचं बी आसंच झालतं की. वारणेला."

ते काय म्हणत होते ते कळायला आधी माझी हकीकत सांगायला हवी.

नव्वदीच्या मध्यावर आम्ही कोडोलीला राहायचो. वडील शाळेत शिक्षक होते. मी वारणानगरच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय मायक्रोबायॉलॉजी. डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी करायची, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. निकाल लागला की ये, मी शब्द टाकते, असं आमच्या मॅडमनी सांगितलंही होतं. त्या हिवाळ्यात एक स्थळ आलं. मुलगा कारखान्यात केमिस्ट, तिथल्याच कॉलनीत राहणारा. बघण्याचा कार्यक्रम ठरवण्याआधी दोन्हीकडून माहिती काढायची, तीही आपण कोण हे कळू न देता, ही आपल्याकडची रीत. आमच्याकडून ही कामगिरी मामांवर आली.

तीन दिवसांनी मामा घरी आले आणि वडिलांना घेऊन आतल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा वडील म्हणाले, आजपासून कॉलेज बंद. मी प्रॅक्टिकलच्या नावाखाली एका मुलाबरोबर फिरते, हे म्हणे सगळ्या वारणानगरला ठाऊक होतं. मी विचारत राहिले, कोण मुलगा? त्याचं नाव तरी सांगा. नाव कुणालाच सांगता येईना. मलाही येईना, कारण असा कुणी नव्हताच. मी नाव सांगत नाही म्हणजे लपवते आहे, असा अर्थ लावून घरचे मोकळे झाले.

परीक्षा दीड महिन्यावर होती. आदल्या दिवशी मी दह्यातले जंतू प्लेटवर वाढवायला ठेवून आले होते. ती प्लेट मी पुन्हा पाहिली नाही. स्थळ मोडलं. मे महिन्यात, ज्यांनी फारशी चौकशी केली नाही अशा पहिल्या घरात माझं लग्न लावून दिलं. डिग्री राहिली ती राहिलीच. इतकी वर्षं मी समजत होते की कॉलेजातल्या कुणीतरी माझ्यावर डूख धरून हे उठवलं असणार. बरोबरच्या एकेका मुलीचा चेहरा आठवून मी तिच्यावर संशय घेतला आहे. तिघींशी तर बोलणंच टाकलं.

आता मामांची गोष्ट. कॉलेज आणि कॉलनीच्या मधल्या रस्त्यावर चहाचा एक गाडा होता. मामा तिथे विमा एजंट बनून बसले. शेजारी एक पाहुणे बसलेले, म्हशी बघायला इकडे नेहमी येतो असं सांगणारे. मामांना वाटलं, हा माणूस इथला माहीतगार दिसतो. पाहुण्यांनाही मामांबद्दल तेच वाटलं. ते पाहुणे म्हणजे मुलाच्या आत्याचे यजमान, माझी माहिती काढायला आलेले. दोघांनी तीन दिवस एकमेकांना चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी पाहुण्यांनी खडा टाकून पाहिला. मास्तरांची ती शिकणारी पोरगी कुणाबरोबर तरी फिरते म्हणे, खरं काय? त्यांनी असं काही ऐकलं नव्हतं. समोरचा काय म्हणतो ते बघायला मनानेच रचलं होतं. आणि माझे सख्खे मामा! नाही म्हणावं, तर आपण तिचे कोण हे उघडं पडेल. गप्प बसावं, तर तो पुढचं सांगणार नाही. त्यांनी जाणत्यासारखी मान डोलावली. मग त्यांनीही तसाच खडा टाकला: कारखान्यातला तो केमिस्ट पितो म्हणे? पाहुण्यांनीही मान डोलावली. दोघेही पक्की बातमी घेऊन खुशीत घरी गेले.

हे सगळं उलगडलं त्या भाऊबीजेच्या दोन वर्षं आधी, गारगोटीत एका लग्नाच्या पंगतीत. दोघे शेजारी जेवायला बसले आणि त्यांनी एकमेकांना ओळखलं. दोघे इतके हसले, मामा म्हणाले, की त्यांना ठसका लागला. मुलाचं पुढे काय झालं, मी विचारलं. त्याचं काय होणार? त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, पुढे बढतीही मिळाली. पितो म्हणून त्याची नोकरी कुणी सोडवली नव्हती.

भाऊ हसत होता. वहिनीही तोंडाला पदर लावून हसत होती. मला मामांचा राग आला, त्या म्हैसवाल्याचा आला, दोन वर्षं ही गोष्ट घरोघर हसत सांगितली गेली आणि मला कुणी कळवलंही नाही याचा आला. वडील चार वर्षांपूर्वी वारले होते. हे ऐकायला ते नव्हते, म्हणून त्यांचाही आला. मी उठून टीव्ही बंद केला.

"मामा, तीन दिस तुम्ही तितं च्या पीत बसला. माझं कॉलेज समोर हुतं. मला येऊन का इचारलं न्हाईसा?"

मामांना राग आला नाही. ओशाळलेही नाहीत. मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला? आगं, तू खरंच सांगशील ह्याचा काय भरवसा?"

खोलीत कुणालाही हे उत्तर खटकलं नाही. मी आईकडे पाहिलं. ती मामांच्या ताटाकडे बघत होती. चकल्या संपल्या होत्या, तिने त्यांना आणखी दोन वाढल्या आणि भावाला म्हणाली, "लाव की रं पुढचं."