घरात न म्हणायचा विलाप

अँथूसा इंग्रजी शिकली ती लग्नापायी. तिचा ग्रिगोरिस जहाजावर खलाशी होता, आणि पुढची खेप झाली की लग्न करून मेलबर्नला जायचं असं ठरलं होतं. तिनं बकऱ्या राखता राखता एक फाटकं पुस्तक पाठ करून टाकलं. ते जहाज उत्तरेच्या समुद्रात बुडालं. एकही माणूस सापडला नाही, जिता नाही की मेलेला नाही. मग अँथूसा कपड्यांचं बोचकं घेऊन ग्रिगोरिसच्या आईकडे राहायला आली, ती कायमचीच.

ही आई, गारुफालिया, मानी नावाच्या डोंगराळ मुलखातली नावाजलेली विलाप रचणारी बाई. तिला अक्षराची ओळख नव्हती, पण प्रेताच्या उशाशी बसली की तिच्या तोंडून अशा ओळी निघत, की मेलेल्याचे वैरीसुद्धा डोळे पुसत. एका उन्हाळ्यात डब्लिनचा एक मास्तर आला, त्या ओळी उतरवून घेऊन गेला, त्याचं पुस्तक निघालं आणि कुठून कुठून पत्रं यायला लागली. ती पत्रं म्हातारीला वाचून दाखवायची, उत्तरं लिहायची, नवे विलाप इंग्रजीत करून धाडायचे, हे सगळं अँथूसाकडे. इंग्रजी वाया गेलं नाही, एवढंच म्हणायचं!

एक नियम मात्र म्हातारी कडक पाळायची. घरात मढं नसताना घरात विलाप म्हणायचा नाही, नाहीतर मरण दार विचारत येतं. त्यामुळे ओळी सांगायच्या असल्या की दोघी गावाबाहेर ऑलिव्हच्या झाडाखाली जाऊन बसत.

पत्रवाल्या लोकांची भूक काही भागत नव्हती. 'तुमच्या मुलावरचा विलाप कुठे आहे?' असं ते वारंवार विचारत. पुस्तकाच्या शेवटी तोच शोभेल म्हणे.

"शोभेल?" म्हातारी भडकली. "टोमॅटो मागावेत तसा विलाप मागतात मेले! लिही सूनबाई, माझा मुलगा गेलेला नाही. गेल्याशिवाय मी रडत नाही."

अँथूसानं ते मन लावून लिहिलं. तिलाही तेच हवं होतं. म्हातारी जोवर रडत नव्हती, तोवर ग्रिगोरिस कुठल्यातरी बंदरात होता. जवळच्या आरेओपोली गावच्या दुकानदारानं मागणी घातली तेव्हा ती म्हणाली, "माझा माणूस जहाजावर आहे." बायका विहिरीवर हसल्या. "ना कुमारी, ना सवाष्ण, ना विधवा. विधवा व्हायलाही नशीब लागतं बाई!" ज्याचं जळतं त्यालाच कळतं. अँथूसानं घडा उचलला आणि घरी आली. केस पांढरे झाले तरी ती वाट बघतच होती.

पत्र लिहिणाऱ्यांत न्यूफाउंडलंडच्या बर्फाळ बेटावरची विनिफ्रेड तेवढी वेगळी. तिचा मुलगा कॅल्विन मासेमारीच्या बोटीवरून नाहीसा झाला होता. ती विलाप मागत नसे. 'आजही काही कळलं नाही. तुमच्याकडे?' एवढंच ती लिहायची. म्हातारी सांगे, "लिही, आमच्याकडेही नाही." असा सगळा हिवाळा गेला.

त्या वसंतात विनिफ्रेडचं पत्र आलं. अँथूसा चुलीशी बसून वाचू लागली. बर्फ वितळला आणि कॅल्विन किनाऱ्याला लागला. सदऱ्यावरून आईनं ओळखला. 'इथं कुणी मोठ्यानं रडत नाही. शेजारी केक आणतात, हवापाण्याचं बोलतात. मला शब्द पाठवा.'

 म्हातारीनं डोक्याचा रुमाल सोडला, प्रेताच्या उशाशी बसताना सोडायची तसा.

"आई, घरात नको! चला, झाडाखाली जाऊ."

म्हातारीनं ऐकलं नाही. सूर लागला होता.

"विनिफ्रेडच्या कॅल्विना, बर्फानं तुला सोडलं रे,
आईनं तुझ्या केसांतलं मीठ धुऊन काढलं रे..."

अँथूसा भराभर लिहीत होती. दुसऱ्याच्या मढ्यावर प्रत्येक बाई आपलं माणूस रडते, हे तिला ठाऊक होतं. तरी पुढची ओळ आली आणि तिचा हात थांबला.

"ग्रिगोरिसा, तुझ्या आईला ओला सदराही नाही रे,
कुणाचे केस धुऊ मी, सांग, कुणाचे डोळे मिटू रे..."

"आई, थांबा! तुमच्या पाया पडते, त्याचं नाव घेऊ नका!"

"लिही," म्हातारी म्हणाली. तिचे गाल ओले होते. "मी थकले गं. किती दिवस त्याला तसाच पाण्यात ठेवू?" आणि तिनं पुन्हा सूर धरला, आधीपेक्षा मोठ्यानं.

आवाज गल्लीत गेला. त्या घरातून विलाप म्हणजे मरणच, दुसरं काही असणं शक्य नव्हतं. बायका हातातलं टाकून धावल्या. सगळ्यांत पुढे शेजारची लिगेरी, पिठाच्या हातांनीच. म्हातारी तर जिवंत दिसत होती.

"अगं, कोण गेलं?" लिगेरीनं दारातूनच विचारलं.

म्हातारी गातच राहिली. उत्तर अँथूसालाच द्यायचं होतं. तिनं कागद खाली ठेवला.

"माझा नवरा," ती म्हणाली.

लग्न कधी झालं होतं, असं लिगेरीनं विचारलं नाही. तिनं आपला रुमाल सोडला आणि रडत अँथूसाजवळ येऊन बसली.